साडीवरची रेघ

रश्मी,

मी पहिल्या फेरीबोटीने दिघीला कामावर जातोय. भाकरी झाकून ठेवली आहे, थोडी तरी खा.

आपली रचना तापात गेली तेव्हा तिने केलेली तुझी ती बोटभर मातीची मूर्ती अर्धीच रंगवून झाली होती. साडीचा हिरवा आणि निळा जिथे भेटत होते तिथे जाड रेघ दिसत होती. मी तिथे दोन्ही रंग पुन्हा लावले, ओले असतानाच ब्रशने एकमेकांत मिसळले आणि काल कौतुकाने तुला दाखवायला आणली.

"ती रेघ माझ्या पोरीच्या हातची होती," एवढंच बोललीस तू.

मला कळलंच नाही गं. आता ती परत आणता येत नाही.

तिने मातीचा बाबाही केलाय. त्याचे डोळे रंगवायचे राहिलेत. ते मी रंगवणार नाही.

सुजित