पाण्यात राहिलेल्यांचं पान

प्रिय दादा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा निफाडला यायला तासाभराची बस होती आणि कागदावर लिहिण्यासारखं आपल्यात काही नसायचं. आज लिहितोय, कारण काल सर्वपित्री अमावस्येला मी फार वाईट काम केलं आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं तेच कळत नाही. तुमच्या बोटीवरच्या लोकांसाठी ठेवलेलं पान मी उचललं. कावळा शिवायच्या आत!

रागावू नका. आधी ऐकून घ्या.

माझ्या वैशालीचा मुलगा, तुमचा पणतू तन्मय, तुम्ही पाहिलाच नाहीत. वैशाली लग्न करून कॅनडात गेली आणि तिकडचीच झाली. तिचा हा मुलगा कॅनडाच्या नौदलात खलाशी आहे. तेवीस वर्षांचा, सहा फूट उंच. मराठी छान बोलतो, फक्त तोंडात मिरची आली की इंग्रजीत ओरडतो. सध्या त्याची युद्धनौका आहे त्या समुद्रात लढाई पेटली आहे. "आजोबा, व्यापारी बोटींना सोबत करायची, एवढंच आमचं काम," असं तो जाताना म्हणाला होता. एवढंच! तुमच्या वेळी तरी कॅनडाच्या बोटींचं दुसरं काय काम होतं?

अकरा दिवस झाले, त्याचा फोन नाही. बोटीचा ठावठिकाणा कळू नये म्हणून अशा वेळी सगळ्यांचे फोन बंद ठेवतात म्हणे. कळतं मला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, अगदीच अडाणी नाही मी. तरी पहाटे उठलो की आधी फोन बघतो आणि मग चूळ भरतो.

वैशाली माझ्याशी बोलत नाही. शेवटचा फोन केला तेव्हा एकच वाक्य बोलली. "नाना, त्याला भरीस तुम्ही घातलंत." आणि ठेवून दिला.

खोटं कसं म्हणू? दर सुट्टीत पोरगं नाशिकला यायचं आणि माझ्याकडून तुमचीच गोष्ट मागायचं. तुम्ही भावांशी भांडून मनमाडला गाडीत कसे बसलात. मुंबईच्या गोदीत मुकादमाने तुम्हाला मालवाहू बोटीवर कोळसा ओढायला कसं लावलं. मग महायुद्धात, पार अटलांटिकमध्ये, पाणबुडीने ती बोट कशी फोडली आणि गारठलेल्या, तेलकट पाण्यातून कॅनडाच्या एका छोट्या लढाऊ बोटीने तुम्हाला जाळीवरून कसं वर ओढलं. तिथल्या एका कोवळ्या खलाशाने अंगातला स्वेटर काढून तुम्हाला घातला आणि तुमचे पाय लाल होईपर्यंत चोळले. हे ऐकताना तन्मय स्वतःचेच पाय चोळायचा.

आणि पुढची गंमत! इकडे गावात बोट बुडाल्याची तार आलेली. आजोबांनी रामकुंडावर तुमचं क्रियाकर्म उरकून टाकलं. वर्षभराने तुम्ही दारात उभे! गुरुजी म्हणाले, ज्याचे दिवस घातले तो तसाच घरात येऊ शकत नाही, त्याचा नवा जन्म झाला पाहिजे. मग मिशीवाल्या बाप्याचं बारसं झालं आणि आईशी, म्हणजे स्वतःच्याच बायकोशी, पुन्हा लग्न लागलं. आई म्हणायची, "दुसऱ्या टायमाला मी नवरा नीट बघून घेतला." तन्मय यावर गडाबडा लोळायचा.

मी तिथेच थांबायचो. त्यापुढचं त्याला कधी सांगितलंच नाही.

त्यापुढचं तुम्ही तरी मला कधी सांगितलंत? आयुष्यभर सर्वपित्रीला आपल्या पितरांची पानं झाली की एक पान वेगळं ठेवायचात. कुणाचं विचारलं की "बोटीवरच्यांचं" म्हणायचात. त्यांत रत्नागिरीचे मुसलमान होते, कुठले कुठले बंगाली होते. पण तुम्ही सगळ्यांना एकाच पानावर खीर आणि वडे वाढायचात. मग शेवटच्या आजारपणात एका दुपारी, सलाईन चालू असताना, मला जवळ बोलावलंत. "बाळू, आमी वर आलो अन् बोट फिरली. पान्यात अजून लय मानसं व्हती. शिट्ट्या वाजवत व्हती. पानबुडी तिथंच हाय म्हनून कप्तान थांबला नाय." ज्या बोटीने तुम्हाला वाचवलं तीच तुमच्या सोबत्यांना टाकून गेली. दादा, इतकी वर्षं हे पोटात घेऊन तुम्ही द्राक्षाच्या बागेत छाटण्या करत होतात?

आणि मी? अभिमान वाटावा एवढीच गोष्ट नातवाच्या हातात दिली. तो ती घेऊन नौदलात गेला.

काल सकाळी सुमनने विचारलं, "अहो, बोटीवाल्यांचं पान ठेवायचं ना?" मी नाही म्हणालो. पोर समुद्रात असताना समुद्रात मेलेल्यांना घरी जेवायला बोलवायचं? माझी छातीच होईना. सुमन वणीकडची, ती कुणाला भीत नाही. तिने मला न सांगता गच्चीवर टाकीच्या मागे पान ठेवलं. मी वर गेलो तर कठड्यावर कावळा बसलेला. मी त्याला हाकललं आणि पान उचलून कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं.

सुमन मागून आली. "भुकेल्याच्या फुडचं पान वढलं तुम्ही. मास्तर हाय ना? हे शिकवलं पोरान्ला?" एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

संध्याकाळी टीव्हीवर बातमी. त्या समुद्रात एका व्यापारी बोटीवर हल्ला. सोबतीला कॅनडाची युद्धनौका होती. पुढे काही नाही, लगेच जाहिरात!

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. पान ठेवलं म्हणून झालं, की उचललं म्हणून? भूगोलाच्या मास्तरने असा विचार करावा का? करू नये. पण तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? तुमच्या माणसांना सांगा दादा, चूक माझी आहे. पोराकडे बघू नका.

इथवर लिहून दोन दिवस पत्र तसंच पडून होतं. आज दुपारी फोन वाजला.

तन्मय होता! बंदरात पोचले होते. धडधाकट आहे. सुमनने फोन माझ्या कानाला धरून ठेवला. आवाज त्याचाच होता, पण त्यातलं पोर कुठे गेलं होतं कोण जाणे. म्हणाला, "आजोबा, आम्ही नऊ जणांना वर घेतलं. मग ऑर्डर आली, निघा. पाण्यात अजून माणसं होती. मला दिसत होती. एकजण हात हलवत होता."

मी तेव्हा त्याला सगळं सांगितलं. शिट्ट्यांसकट.

तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत? मी तरीही नौदलात आलो असतो. पण त्या दिवशी मला वाटलं की असं जगात फक्त मीच केलंय."

मग तुम्ही त्या दुपारी सगळ्यात शेवटी जे बोलला होतात ते मी त्याला जसंच्या तसं, तुमच्याच बोलीत ऐकवलं. "माझे पाय चोळता चोळता ते गोरं पोरगं रडत व्हतं, बाळू. मला त्याची भाषा येत नव्हती. नायतर म्हनलो असतो, तुझा काय दोष नाय रे बाबा. तू मला तर काढलं ना."

पलीकडे तन्मय ढसाढसा रडायला लागला. मग लहान असताना म्हणायचा तसं म्हणाला, "परत सांगा ना."

मी परत सांगितलं. तुमचं ऐंशी वर्षं अडकलेलं बोलणं कॅनडाच्या नौदलातल्याच एका पोरापर्यंत पोचलं, दादा. दोनदा पोचलं.

आता शब्द देतो. तुमच्या माणसांचं पान उद्याच ठेवतो, तिथी गेली तर गेली. शेजारी तन्मयच्या पाण्यात राहिलेल्यांचंही ठेवतो, आणि कावळा येईपर्यंत गच्चीवरून हलणार नाही. तुमची गोष्ट यापुढे कुणालाही अर्धी सांगणार नाही. पहिली वैशालीला सांगतो. तिच्या मुलाच्या मनावर काय आहे ते तिला कळायलाच हवं, मग मला हव्या तेवढ्या शिव्या देऊ दे. ती माझा फोन उचलत नाही. उचलेपर्यंत करत राहीन.

तुमचा,
बाळू