तुटलेल्या जोड्या नव्हत्या त्या

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. तुझ्या गव्हाच्या बियाण्यात तांबेरा रोगाच्या बीजाणूंच्या थोड्या तुटलेल्या जोड्या सापडल्या, त्यांची काळजी नको, असं मी लिहिलं होतं. त्या जोड्या नव्हत्या. तांबेऱ्याचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

मला शाळेत घालायच्या आधी तू स्टुलावर उशी ठेवून मला तुझ्या सूक्ष्मदर्शकाशी बसवायचीस. हंगाम संपताना गव्हाच्या काडीवर धरणारी काळी पूड तू मला तिथेच दाखवलीस. "ही तांबेऱ्याची झोपायला निघालेली पोरं. प्रत्येकाला दोन कप्पे, खाली एक देठ. जाड पांघरूण घेऊन पडून राहतात आणि हवा मानवली की उठतात." मी विचारलं होतं, एखादं एकटंच आणि बिनदेठाचं दिसलं तर? "जोडी मोडली असेल. तू काय त्यांची लग्नं लावायला बसलीयस? पुढचं बघ!" तुझ्या शेतात काळं म्हणजे तांबेराच, दुसरं कधी काही आलंच नाही. त्यामुळे ते उत्तर तिथे चालून गेलं. मी मात्र ते जसंच्या तसं इथे प्रयोगशाळेत घेऊन आले.

इथे आम्ही दाणे साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात हलवतो, पाणी गाळून यंत्रात फिरवतो आणि तळाचा गाळ काचेवर घेतो. तुझ्या नमुन्यात मला गोल, काळपट, एकेकटे बीजाणू दिसले. मी बिनदिक्कत 'तुटलेल्या जोड्या' असं नोंदवलं. तांबेऱ्याचे हे काळे बीजाणू काडीच्या धुळीतून येतात, पेरलेल्या बियाण्यातून रोग लावत नाहीत, म्हणून नमुना पास झाला. त्याच दाखल्यावर तुझ्या पोत्यांना मोहोर लागली.

मग तुझं पत्र आलं. "माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी आता माझंच बियाणं तपासते," म्हणून तू बियाण्याच्या पेढीवरच्या सगळ्यांना ऐकवलंस, ते वाचून हसू आलं. खाली तू सहज लिहिलं होतंस, की गोदामात मासळीचा शिळा वास येतोय, मांजर मेलं कुठून काय उचलून आणतं कोण जाणे. आत्या, मांजराला उगाच बोल लावू नकोस. गव्हाला काणीचा रोग लागला की असाच वास येतो.

राखून ठेवलेला नमुना मी तीन वेळा पुन्हा धुतला. एकाही बीजाणूला देठ नव्हता, तुटल्याची खूण नव्हती, आणि प्रत्येकावर जाळीदार नक्षी होती, काणीच्या बीजाणूंवर असते तशी. तू म्हणशील, असतील जुने, मेलेले. मलाही तसंच वाटावं असं वाटत होतं. म्हणून थोडे ओल्या मातीवर, गारव्यात ठेवले. अकराव्या दिवशी त्यांना कोंब फुटले. शेतातही तसंच होणार. बी रुजेल तेव्हा तेही जागे होतील, रोपात शिरतील, आणि ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी भरेल. पुन्हा ती मातीत कितीतरी वर्षं पडून राहील.

अजून एक दुरुस्ती राहिली. ती लिहायला मला चार दिवस लागले. नमुना कुणाचा हे मला नंतर कळलं, असं मी लिहिलं होतं. पिशवीवर नुसता क्रमांक असतो हे खरं. पण सुतळीला दोन वेढे देऊन टोक आत खोचायची तुझी गाठ मी बघताक्षणी ओळखली होती. तेव्हाच नमुना दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायला हवा होता. दिला नाही. गोल बीजाणू दिसल्यावर पुस्तक उघडायच्या आधी तुझं वाक्य आठवलं, आणि ते आठवलं म्हणून मला हायसं वाटलं. माझी चूक नक्की कुठे झाली असेल तर तिथे.

फोन केला नाही, कारण तू नुसतं "हो का गं" म्हणाली असतीस तरी माझा धीर सुटला असता. बुधवारी तू सत्तावीस शेतकऱ्यांना बियाणं वाटणार आहेस. तीस वर्षांत तुझ्या पोत्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, आणि ते पहिलं बोट माझं असणार आहे. औषध लावून बियाणं वाचेल की सगळं बाद होईल, ते मुख्य तपासनीस ठरवतील. माझी नोकरी राहील की नाही, तेही त्यांनाच ठरवू दे. तू रागावशील. रागाव, पण एकही पोतं उघडू नकोस. हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही; दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलंय. दाखला रद्द करण्याचा अर्ज, गाठ ओळखल्याच्या कबुलीसकट, मी सोमवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजता त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझीच धाकटी