उलटी फिरवलेली दुरुस्ती

प्रिय नागसेन,

तुझी ताई काल जिंकली. विषय आपल्या त्या जुन्या हार्डडिस्कचा आहे, तरी पत्र मधेच मिटू नकोस.

आईनं जयंतीला गायलेली गाणी तू रेकॉर्ड करून ठेवली होतीस. आई गेली, नवा कॉम्प्युटर आला, गाणी त्यात घातलीस आणि जुना मोडीत गेला. ती अडखळायला लागली तेव्हा तू डिस्क दुरुस्तीचा जुनाच प्रोग्राम चालवलास. जुन्या कॉम्प्युटरला त्यानं कितीदा बरं केलं होतं, घरच्या वैद्यासारखा विश्वास आपला त्याच्यावर. पण नव्या विंडोजची मांडणी त्या म्हाताऱ्याला कळलीच नाही. धड होतं तेच मोडकं समजून त्यानं 'सुधारलं', आणि गाणी गेली. तू पुण्याला गेलास तो गेलासच, जयंतीलासुद्धा उचगावात फिरकला नाहीस.

आबांनी ती डिस्क आईच्या लुगड्यात बांधून ट्रंकेत ठेवली. कुणाला हात लावू देईनात. मला त्यांचा राग यायचा, पण त्या हट्टामुळंच तिच्यावर पुन्हा काही लिहिलं गेलं नाही. गाठोड्यात एक फ्लॉपीही निघाली. काही बदलण्याआधी तो प्रोग्राम मूळची नोंद फ्लॉपीवर ठेवायचा, हे मला दुरुस्तीचं दुकान टाकल्यावर कळलं. फ्लॉपी तूच घातली होतीस बाबा, घाबरून विसरलास.

माझ्या लॅपटॉपनं डिस्क पाहिली आणि लगेच फॉरमॅट करू का म्हणून विचारलं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. जुना प्रोग्राम तर त्यावर उघडेचना. शेवटी पेठ वडगावला भंगारातले कॉम्प्युटर घेणाऱ्या जोतीरामकडून विंडोज अठ्ठ्याण्णवचं एक डबडं आणलं. डिस्कची नक्कल काढली, ती त्यात जोडली, फ्लॉपी घातली आणि केलेली दुरुस्ती उलटी फिरवायला सांगितली. बघवेना म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तर सगळी गाणी ओळीनं हजर. नाद खुळा! मी अशी ओरडले की शेजारचा चहावाला किटली घेऊनच धावत आला.

एका गाण्याच्या मधे आई थांबते आणि म्हणते, "नागू, दमलास न्हवं? ऱ्हाऊ दे ते, आधी जेव की." आबांनी तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला लावलं, खूप रडले. मग म्हणाले, "चूक मशीनची हुती. पोराला सांग, घरला ये म्हणावं." फोनवर आईचं नाव काढलं की तू ठेवून देतोस, म्हणून हे लिहिलं. गाणी मी पाठवणार नाही. ऐकायची असतील तर तुला इथंच यावं लागेल.

तुझीच,
निशाताई