रायगड व्हाया चौथा मजला

३ नोव्हेंबर, सोमवार. स. ५.४०
ठरले. राजगड-तोरणा-रायगड, पाच दिवस, पाठीवर सॅक. जानेवारीत अनुष्का दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणार. त्याआधी लेकीने बापाचा दम बघावा. ग्रुप तिच्या ऑफिसचा, नियोजन माझे. क्लास कधी लावला नाही, सगळे वाचून आणि व्हिडिओ बघून शिकलो. बावन्नाव्या वर्षी एवढी माहिती कोणाला असते?
तिची एकच अट. तेवीस तारखेला भरलेली सॅक घेऊन कर्नाळा चढून दाखवायचा. "नाहीतर नाही हं, बाबा." मान्य केली. कर्नाळा म्हणजे चहाआधीचे काम.

८ नोव्हेंबर, शनिवार
जिन्याचा सराव सुरू. तळमजला ते चौथा, सॅकमध्ये दहा किलो तांदूळ. जगन म्हात्रे गेटपाशी खुर्ची टाकून बसलेला. (आमची सोसायटी त्याच्याच शेतावर उभी आहे.) म्हणाला, "काका, लिफ्ट चालू हाय!" उत्तर दिले नाही. दम वाचवायचा असतो.
उतरताना लिफ्ट. उतरण्याने गुडघे झिजतात, हे शास्त्र आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
एकेक वस्तू किचनच्या काट्यावर तोलली. मी ग्रॅममध्ये विचार करतो. माझ्या आणि अनुष्काच्या टूथब्रशचे दांडे करवतीने अर्धे कापले. बायकोने, सुमतीने, विचारले, माझाही कापताय का? म्हटले, तुला कुठे जायचेय! अनुष्काने ब्रश बघितला आणि गुपचूप नवा आणला. अनुभव नाही.
दुर्बीण पाऊण किलोची आहे, पण ती आवश्यक.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उजव्या गुडघ्यातून आवाज. बुटाचा असावा. पण बूट अजून खोक्यातच आहेत, सोलची पकड ताजी राहावी म्हणून. मग चपलेचा असेल.
सुमतीला बोललो नाही. तिला कळले की अनुष्काला कळणार, आणि तिथेच सगळे संपणार. आज चढतानाही लिफ्ट. विश्रांती हाही सरावच. जगनने दार धरून ठेवले, "या, शेरपा!"

२२ नोव्हेंबर, शनिवार
दार लावून गुडघ्याला तेल चोळले. सुमतीने बाहेरून विचारले, कसला वास येतोय? म्हटले, बुटाचे पॉलिश. उद्या जमले नाही तर पुढची संधी दोन वर्षांनी. तेव्हा ती कोण असेल, मी कसा असेन.
जमणारच म्हणा.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
कर्नाळा. सुमतीही आली, साध्या चपलेत, पुरीभाजीचा डबा घेऊन. पहिला टप्पा उत्तम. दुसऱ्यापासून मी पक्षीनिरीक्षण सुरू केले. दर वळणावर. अनुष्काने विचारले, "बाबा, कुठला पक्षी?" म्हटले, हलू नकोस, उडेल. ती थांबली. फांदीवर काही नव्हते. तरी ती बराच वेळ वर बघत राहिली.
मग गुडघा अडकला. वाकेना, सरळही होईना. नव्या बुटांनी दोन्ही टाचांना फोड. सुमतीने माझी सॅक उतरवून स्वतःच्या पाठीवर चढवली, ओढणी कमरेला खोचली, म्हणाली, "डबा धरा." आणि सुळक्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली. अनुष्का माझ्यापाशी बसून क्रेप बँडेज बांधत होती. मान वर केली नाही तिने.
अट भरलेल्या सॅकची होती. सॅक वर गेली. तांत्रिकदृष्ट्या अट पूर्ण.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टर म्हणाले, दोन महिने चढउतार बंद. असो. मोठ्या मोहिमेला बेस कॅम्प लागतोच, आणि तिथे सर्वांत जाणकार माणूस ठेवतात. जबाबदारी स्वीकारली. माझ्या जागी सुमतीला पाठवायचे ठरवले. (ती आणि अनुष्का यांचे रविवारीच ठरले होते.) सुमतीने दुर्बीण काढून तिथे लसणाची चटणी भरली.

५ डिसेंबर, शुक्रवार. स. ७.१५
दोघींना एसटी स्टँडवर सोडले. गाडी हलताना अनुष्का खिडकीतून ओरडली, "बाबा, मी परत येईन तेव्हा तयार राहा! आपण दोघंच जाऊ!" सोलबद्दल, पाण्याबद्दल बऱ्याच सूचना द्यायच्या होत्या. एकही आठवली नाही. नुसता हात हलवला.
घरी आलो तर लिफ्ट बंद. जगन म्हणाला, "काका, तुमाला सराव हाय ना?" दुसऱ्या मजल्यावर थोडा मुक्काम केला.
सुमती अख्ख्या दांड्याचा ब्रश घेऊन गेली. घरात उरला तो माझा अर्धा. घासताना बोटे तोंडात जातात.
आठ ग्रॅम वाचले.