मुक्तामावशींचा तीत

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काकासाहेब यांना करुणाचा सलाम.

जूनपासून तुम्हाला पत्र नाही, त्याबद्दल क्षमा असावी. कामं होती असं लिहिणार होते. पण रोजनिशी चाळली तर कामांपेक्षा ‘काकासाहेबांना लिहायचे’ हीच नोंद जास्त वेळा सापडली. तेव्हा क्षमा मागते, कारण देत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंची साखर आटोक्यात आहे ना? अहिल्यानगरला थंडी पडली असेल, सकाळी फिरायला जाताना कान बांधून जावं.

तुम्ही माझे काका आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे जुने पाळक, म्हणून दोन्ही नात्यांनी लिहिते. मुक्तामावशी माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्याचं कारण प्रेषित पौल आहे. (पौल की आणखी कोणी, हाच वाद आहे.)

तुम्ही सुरू केलेली बायकांची पाठांतराची स्पर्धा अजून चालते. आमची मंडळी आणि बिडकीनची मंडळी, एकेका बाईने नव्या करारातलं एक अख्खं पत्र तोंडपाठ म्हणायचं. ढाल दरवर्षी बिडकीनला जाते, कारण मावशींची नणंद गोजरबाई दरवर्षी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र म्हणते, आणि ते जेमतेम पानभर आहे. (नियमात बसतं. पत्र किती लांब असावं हे तुम्ही ठरवून दिलं नव्हतं. हा दोष काढणं नव्हे, नुसती नोंद.) यंदा मावशी इरेला पेटल्या आणि त्यांनी पौलाच्या नावावरचं, तीताला लिहिलेलं तीन अध्यायांचं पत्र घेतलं. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मेथी निवडताना, नळाला पाणी यायची वाट बघताना, पावसाळाभर त्या घोकत होत्या. क्रेत बेटावरचे लोक सदाचे लबाड, अशा अर्थाचं त्यात एक वचन आहे. ते म्हणताना बिडकीनच्या बायकांकडे बघायचं, हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अशात महिला संघाने मला ‘पौलाची पत्रे’ या विषयावर बोलायला सांगितलं. (मी इतिहासात एम.ए. केलं आहे, हे कोणीतरी अजून लक्षात ठेवलंय.) पत्रं वाचत जा, असं सांगून खाली बसता आलं असतं. मी वाचलेलं सगळं सांगितलं. तेरा पत्रांवर पौलाचं नाव आहे. त्यांतली सात त्याचीच, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. तीमथ्याला लिहिलेली दोन आणि तीताला लिहिलेलं एक मात्र पुष्कळ जण पौलामागून आलेल्या कोणा शिष्याची मानतात, कारण शब्दांची ठेवण वेगळी, आणि मंडळीचा कारभारही त्यात बराच मुरलेला दिसतो. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात तर लिहिणाऱ्याचं नावच नाही. (परंपरा तीताचं पत्र पौलाचंच मानते, आणि काही अभ्यासकही मानतात, हेही मी सांगितलं. पण तोवर कोणी ऐकत नव्हतं.)

मावशी उठून उभ्या राहिल्या. “व्हय गं करुणा, मग मी पावसाळाभर पाठ केलं ते कोणाचं?”

मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. गोजरबाई त्या दिवशी नेमकी पाहुणी म्हणून आली होती. मागच्या बाकावरून म्हणाली, “वैनी, आमचं फिलेमोन बघा, असली माल हाय. तुमचंच डुप्लिकेट निघालं!” खरं ना गं, असं तिने मला विचारलं. फिलेमोन त्या सातांत आहेच. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मावशींनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. मी समजवायला घरी गेले. त्या काळी गुरूच्या नावाने शिष्याने लिहिण्याची रीतच होती, असं काही जण म्हणतात, हे सांगितलं. “म्हणजे खोटी सही मारली,” मावशी म्हणाल्या. त्यावर, तेव्हाही लोक याला फसवणूकच समजत असं दुसरे काही म्हणतात, हे मी सांगायला नको होतं. अर्धवट सांगणं बरं नाही म्हणून सांगितलं. चहा मिळाला नाही. रोजनिशीत मी लिहिलं: खरं सांगायचं होतं, की वाचलेलं दाखवायचं होतं?

बाकी सर्व ठीक. काकूंना सलाम.

तुमची,
करुणा

ता. क. सोबत एक पत्र जोडलं आहे. ते तुमचं आहे. म्हणजे तुम्ही ते मुक्तामावशींना लिहिलं आहे: तीताचं पत्र पवित्र शास्त्रात आहे तेवढं पुरे, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी स्पर्धेत उभं राहून ते म्हणावं. वाचून पाहा, पटलं तर सही करा. तुमची ढब बरीच साधली आहे (‘माझ्या लेकरांनो’ दोनदा आहे). खाली एखादी ओळ स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहावी. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौलानेही तेच केलं आहे.

ता. क. २. मावशी बोलत नाहीत असं वर लिहिलंय, ते काल दुपारपर्यंत खरं होतं. सोबतचा मजकूर माझाही नाही. काल त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “काकासाहेबांच्या नावानं लिही, मी सांगते तसं. बिडकीनला वाचून दाखवायचंय. त्यांची सही आली तरच मी उभी राहीन.” मी म्हटलं, मावशी, राग आला होता तो याच गोष्टीचा ना? “व्हय. पण आता कळलं त्या शिष्यानं पौलाच्या नावानं का लिहिलं असंल. त्याच्या मंडळीत बी एखादी गोजर असणार.” हा मुद्दा मी वाचलेल्या एकाही अभ्यासकाने मांडलेला नाही. फिलेमोनाच्या लांबीबद्दलचं वाक्य मी गाळलं होतं, त्यांनी परत घालायला लावलं. तुम्ही खोडलंत तर माझी हरकत नाही. फक्त मी सुचवलं असं म्हणू नका.

रोजनिशीत उद्याचे काम: मावशींकडून तीताचा तिसरा अध्याय म्हणवून घेणे. मूर्खपणाच्या वादांपासून दूर राहा, त्या वचनापाशी त्या अजून अडतात.