रेणुकादास पथाचा नकाशा

५ जानेवारी, सोमवार, सकाळी ७
फिरायचं मंडळ सोडून आज पन्नास दिवस. त्यांनी काढलं नाही, मी सोडलं. हे नीट लक्षात ठेवावं. भांडण एवढंच की मकबूल टेलर सगळ्यांसमोर म्हणाला, साब, तुम्ही बोलाया लागले की वाटेतच उभे राहताव, मागं जाम होऊन राहिला. तेव्हापासून एकाचाही फोन नाही. बघतोच किती दिवस करत नाहीत ते. सौदामिनी मात्र रोज त्यांच्यासोबत माळावर जाते. बायको आहे की विरोधी पक्ष!

७ जानेवारी, बुधवार
मंडळाचे अध्यक्ष अमरनाथ, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचा मेसेज बायकोच्या मोबाईलवर वाचला. माळावर पायवाटा लई झाल्या, नवी माणसं चुकतात, म्हणून बाण काढलेले बोर्ड लावणार म्हणे. हे लावणार! उदगीरच्या मोजणी ऑफिसात तेहतीस वर्षं काढली ती मी. (सौदामिनी म्हणते, आवक-जावकच्या टेबलावर. टेबल ऑफिसातच होतं ना?)
संकल्प: सगळ्यांच्या मोबाईलमधले जीपीएस ट्रॅक गोळा करायचे, सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे, माळाच्या वाटांचं जाळं काढायचं. मग येतील झक मारत बोलवायला. मुख्य वाटेला नाव, रेणुकादास पथ. मी सुचवणार नाही. त्यांनाच सुचेल.

९ जानेवारी, शुक्रवार
बायकोमार्फत अकरा ट्रॅक आले. अमरनाथचा ट्रॅक भज्याच्या गाड्याशी बारा मिनिटं थांबतो. शुगरवाला माणूस! लिहून ठेवलं, कामी येईल.
मी स्वतः गाड्याच्या पुढं कधी गेलो नाही. गरज पडली नाही.

१२ जानेवारी, सोमवार
तीन दिवस सॉफ्टवेअर शिकायचे व्हिडिओ बघून डोळे गेले. अकरा ट्रॅक एकावर एक टाकले तर नुसत्या शेवया. सॉफ्टवेअरला म्हटलं, दहा मीटरच्या आतले एक कर. केले. पण गाड्याच्या पुढं पाच जण डावीकडून जातात, सहा जण उजवीकडून, पुढं पुन्हा एकत्र. नकाशावर पायजम्यासारखं दिसतं. असला नकाशा माझ्या नावानं जाणार नाही. दहाचा आकडा ऐंशी केला. दोन्हींच्या मधोमध एकच सरळ रेषा! मागचं सॅटेलाईटचं चित्र बंद केलं. फुकट नेट खातं.

१३ जानेवारी, मंगळवार
सौदामिनी म्हणाली, अहो, मधे तळं आहे, म्हणून तर दोन्ही बाजूंनी जातात. मी अकराही ट्रॅक पुन्हा तपासले. तळं कुठंही नाही. असतं तर एखादा तरी त्यात गेला असता. तिच्या पोटात दुखतंय.

१५ जानेवारी, गुरुवार
मकबूल ब्लाऊज द्यायच्या निमित्तानं घरी. नकाशा बघून म्हणाला, साब, तिथं गाळ लई हाय, म्हैस बी जात न्हाई. स्वतःची उजवीकडची वाट मुख्य करायचीय बेट्याला. जाता जाता म्हणाला, या की सकाळी फिराया, करमत न्हाई. टोमणा! ओळखतो मी. तो गेल्यावर त्याचा ट्रॅक नकाशातून उडवला.

१७ जानेवारी, शनिवार
अमरनाथचा फोन!! मी चांगला वाजू दिला. सौदामिनीकडून नकाशाचं कळलं म्हणे. उद्या सगळे माझ्या नकाशानं चालणार, जमलं तर त्याच वाटेवर बोर्ड. लगेच एसटीनं लातूरला जाऊन पांढरे बूट आणले. पुढं मी. सगळ्यांनी ट्रॅक चालू ठेवायचे, असा हुकूम दिला.

१८ जानेवारी, रविवार, पहाटे ५
बूट फिट. मोबाईल शंभर टक्के. मकबूलशी बोलायचं नाही.

त्याच दिवशी, सकाळी ११
रेषा सरळ होती, मी सरळ गेलो. तळ्यावर सगळी हिरवी वेल पसरलेली, मला वाटलं गवत. मागून ओरडत होते, थांबा, थांबा. जळणारे ओरडणारच. आधी बूट गेले. मग गुडघे. मग कंबर.
अकराही जण गाळात उतरले. मकबूलनं कमरेला धरून ओढलं. म्हणाला, तुमचं माप पाठ हाय मला. कुणीही हसलं नाही. त्याचाच जास्त राग आला. भज्याच्या गाड्यावर मात्र मनसोक्त हसले. मला तीन प्लेटी खायला घातल्या. नाइलाजानं खाल्ल्या.

२० जानेवारी, मंगळवार
रविवारचे ट्रॅक टाकले. सगळ्या रेषा तळ्यात येऊन एकाच जागी गोळा होतात, अर्धा तास हलत नाहीत. सॉफ्टवेअरच्या मते हाच माळावरचा सगळ्यात मोठा चौक. तेवढा वेळ अकरा माणसं माझ्याभोवती उभी होती. मोजून बघितलं, कुणीही मधेच निघून गेलेलं नाही.
संध्याकाळी अमरनाथनं फोटो पाठवला. पहिला बोर्ड लागला. माझं नाव आहे. ‘रेणुकादास तळं. गाळ खोल आहे. बाजूने जावे.’
माझे बूट तळ्यातच. मकबूलनं त्याचे जुने पाठवलेत. एक नंबर मोठे, मुद्दामच. पुढं कापूस कोंबला. साडेपाचचा अलार्म लावलाय.