धारच्या वर्गात देवासचे कंदील

धार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८३०

श्रीयुत बळवंतराव यांस त्यांचा धाकटा साडू मानाजी याचा नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे गेल्या मंगळवारपर्यंत होतो. सौ. दुर्गाताईंचा खोकला थांबला का ते कळवावे. तुमची प्रकृती विचारण्याची गरज नाही. मुंजीला आलो तेव्हा पाहिलीच. (इतका तजेला शाळामास्तराला शोभत नाही.)

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या शाळेवरून सहज जात होतो आणि खिडकीबाहेर सहज पाऊण तास उभा राहिलो. तुम्ही रसायनाची समीकरणे जुळवायला शिकवत होता. फळ्याच्या मधोमध रेघ. डावीकडे देवासच्या थोरल्या पातीचा दरबार, उजवीकडे धाकट्या पातीचा. "थोरलीच्या रस्त्यावर दोन कंदील, धाकटीच्या एकच. आता?" अख्खा वर्ग ओरडला, "अजून एक लावा!" त्याच दमात तुम्ही हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते ते मांडले. ऑक्सिजनचे अणू डावीकडे दोन, उजवीकडच्या पाण्यात एक. पोरांनी पाणी दुप्पट केले. त्याने उजवीकडचा हायड्रोजन वाढला, तर डावीकडेही वाढवून दिला. झाले समसमान. एका गावात दोन दरबार असले की हे पोरांना पाळण्यातच कळते. त्यात मास्तराचे कर्तृत्व ते काय? (असे मी घरी म्हणालो. रुक्मिणी म्हणाली, "पण सुचलं भावोजींनाच ना?" तेव्हापासून मी तुमचा विषय घरात काढत नाही. ती काढते.)

मंगळवारी आमचे शाळा-तपासनीस भैयासाहेब वर्गात येऊन बसले आणि मी तुमचे कंदील बाहेर काढले. काढायला नको होते. आमच्या धारला दरबार एकच. पहिल्या बाकावरचा उमाशंकर उठून म्हणाला, "मास्टरसाब, दो में से एक बुझा दो ना! तेल बी बचेगा." एवढ्यावर न थांबता पुढे येऊन त्याने डावीकडचा ऑक्सिजनचा एक अणू तळहाताने पुसून टाकला. दोन्हीकडे एकेक उरला, म्हणजे समसमान झालेच. वर्गाने टाळ्या वाजवल्या. भैयासाहेब मिशीत हसले आणि म्हणाले, "आता याला काय सांगणार, मानाजीराव?" मी सांगितले की तास संपला. (अजून वीस मिनिटे होती.)

ते सोमवारी पुन्हा येणार आहेत. तेव्हाही जमले नाही तर रसायनाचा वर्ग माझ्याकडून काढून देवासच्या एका नामांकित मास्तरांना बोलावणार म्हणाले. नाव त्यांनी घेतले. मी लिहीत नाही. अकरा वर्षे मी तो वर्ग घेतो आहे, बळवंतराव.

दुर्गाताईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहे तेवढा असू द्यावा. धारला येऊन वाढवू नये.

आपला,
मानाजी

ता. क. उमाशंकरला काय सांगायचे ते मला अर्थातच ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, एवढेच पाहायचे आहे. सविस्तर लिहावे, फळ्यावर मांडतात तसे, आणि सोमवारच्या आत पोचेल असे धाडावे.

दुसरा ता. क. आताच कळले की भैयासाहेबांचेही पत्र याच टपालाने तुमच्याकडे निघाले आहे. दोन्ही एकदम हाती पडतील. माझे आधी वाचावे. मग त्यांना कळवावे की समीकरणे शिकवणे तुम्हाला मुळीच जमत नाही. आणि मला कळवावे, ती कशी शिकवायची.